एलएमईच्या जागी डीएमई, डीएमईच्या जागी एलएमई: घरी बिअर करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी इथे शिकागोत घरी बिअर करते हे मित्रमंडळीत सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे शनिवारी सकाळी फोनवर एक मेसेज हमखास असतो की ताई, रेसिपीत माल्टचं सिरप (एलएमई) लिहिलंय आणि दुकानात पावडरच (डीएमई) मिळाली, आता किती टाकू. पातेलं गॅसवर चढलेलं असतं आणि माणूस घाईत असतो, म्हणून नेहमी येणारे प्रश्न एका जागी लिहून ठेवतेय. नंबर दिलेत, म्हणजे तीच गोष्ट दोनदा सांगायला नको. गॅलन म्हणजे अमेरिकन गॅलन, साधारण ३.८ लिटर.

१. एलएमई आणि डीएमई ही वेगवेगळी माल्ट आहेत की एकाच गोष्टीची दोन रूपं?

एकच गोष्ट, दोन रूपं. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून गरम पाण्यात ठेवतात, तिच्यातल्याच एन्झाइम्समुळे स्टार्चची साखर होते आणि तो गोड रस गाळून घेतात, त्याला वर्ट म्हणायचं. हा रस कारखान्यात आटवून काकवीसारखा दाट केला की लिक्विड माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे एलएमई, आणि आणखी पुढे जाऊन गरम हवेत त्याचा फवारा मारून सुकवला की ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे डीएमई. गुऱ्हाळ बघितलेल्याला हे सांगायलाच नको, रस तोच, एकाची काकवी झाली आणि दुसऱ्याची पावडर.

फरक पाण्याचा. एलएमईमध्ये वजनाच्या साधारण २० टक्के पाणी असतं, डीएमईमध्ये दोन-तीन टक्केच. खालचं जवळजवळ सगळं गणित या एका गोष्टीवर चालतं.

२. रेसिपीत एलएमई आहे आणि माझ्याकडे डीएमई, तर किती घेऊ?

एलएमईचं वजन गुणिले ०.८२. रेसिपीत ६.६ पाउंड एलएमई असेल (३.३ पाउंडांचे दोन डबे, ही खूप कॉमन रेसिपी आहे) तर डीएमई ५.४ पाउंड. किलोत ३ किलो एलएमई असेल तर २.४६ किलो डीएमई.

हा आकडा येतो कुठून ते एकदा समजून घ्या, मग पाठ करायची गरज नाही. एक पाउंड डीएमई एक गॅलन वर्टमध्ये असेल तर ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत वर्ट किती दाट ते, पाणी १.०००) साधारण ४४ पॉइंट चढते, म्हणजे १.०४४. एलएमईचे ३६ पॉइंट धरतात. ३६ भागिले ४४ म्हणजे ०.८२. मेट्रिकमध्ये एक किलो एक लिटरसाठी हेच आकडे साधारण ३६७ आणि ३०० होतात. वरच्या रेसिपीत ५ गॅलन बॅच असेल तर ६.६ गुणिले ३६ भागिले ५ म्हणजे ४७-४८ पॉइंट, ओजी (आंबायच्या आधीची ग्रॅव्हिटी) १.०४८ च्या आसपास, आणि ५.४ पाउंड डीएमईने पण तेवढीच येते, करून बघा.

३. आणि उलट? डीएमई लिहिलंय, माझ्याकडे एलएमईचे डबे आहेत.

गुणिले १.२२. ६ पाउंड डीएमईच्या जागी ७.३ पाउंड एलएमई लागेल. आता अडचण ही की डबा ३.३ पाउंडांचा, दोन डबे म्हणजे ६.६, म्हणजे ०.७ पाउंड कमी पडतं, आणि त्यासाठी तिसरा डबा फोडून उरलेलं फ्रीजमध्ये चिकट करून ठेवायला मी कुणाला सांगत नाही. उरलेली भर डीएमईने करा, ०.७ गुणिले ०.८२ म्हणजे ०.६ पाउंडाच्या जवळपास. दोन्ही एकाच बॅचमध्ये टाकली तर काही बिघडत नाही, यीस्टला त्यातलं काय कुठून आलं हे कळत नाही. मी स्वतः नेहमी एलएमई अख्ख्या डब्यांच्या हिशोबात घेते आणि वरची बारीकसारीक जुळवाजुळव पावडरने करते.

४. एका ठिकाणी ०.८ वाचलं, दुसरीकडे ०.७५, तुम्ही ०.८२ सांगताय. खरं कुठलं?

०.८ आणि ०.८२ दोन्ही चालतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एलएमईत पाणी थोडं कमीजास्त असतं, त्यामुळे एलएमईचे पॉइंट ३५ ते ३७ आणि डीएमईचे ४२ ते ४६ असे लिहिलेले सापडतात. वरच्या रेसिपीत ०.८ ने केलंत तर ५.३ पाउंड येईल आणि ओजीत एका पॉइंटाचा फरक पडेल, तो तुमच्या हायड्रोमीटरवर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी) नीट वाचता पण येणार नाही. ०.७५ मात्र घेऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा दुसऱ्याच हिशोबातून उचललेला असतो, धान्याचं एलएमई करायच्या (प्रश्न १२ बघा).

पाकिटावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात पॉइंट दिलेले असतील तर माझा आकडा सोडा आणि तो धरा.

५. वजनकाटा नाहीये, कपाने मोजलं तर?

नको. डीएमई भुरभुरीत असते, तीच पावडर चमच्याने हलकी भरली तर कपात एक वजन आणि दाबून भरली तर दुसरंच. एलएमई उलट जड, लिटरला साधारण १.४ किलो, म्हणजे एक लिटर एलएमई म्हणजे एक किलो एलएमई असं समजून कुणी मापलं तर बिअर भलतीच स्ट्राँग होणार. शिवाय ते कपाला चिकटून राहतं. किचनमधला साधा डिजिटल काटा पुरतो. मी पातेलंच काट्यावर ठेवते, शून्य करते आणि डब्यातून थेट ओतते, कारण डब्यातलं सगळं खाली येईलच असं नाही.

६. डीएमई टाकल्याटाकल्या गोळे झाले, चमच्याला दगडासारखं चिकटलं. काय चुकलं?

वाफ. डीएमई ओलावा इतक्या भराभर ओढून घेते की उकळत्या पातेल्यावर पाकीट वाकडं केलं की पाकिटाच्या तोंडाशीच ती टॉफीसारखी होते, चमचा त्यात अडकतो, आणि पाण्यात पडलेल्या पावडरीचे बाहेरून चिकट, आतून कोरडे असे लाडू वर तरंगायला लागतात. ते विरघळतात, घाबरू नका, पण दहा-पंधरा मिनिटं ढवळत बसावं लागतं.

पिठलं करताना बेसन आधी थंड पाण्यात कालवून घेतो ना, तसंच इथे करा. वेगळ्या भांड्यात गार पाणी घ्या, त्यात डीएमई टाकून फेटून घ्या आणि ते पातळ मिश्रण पातेल्यात ओता. किंवा सगळी पावडर पातेल्यातलं पाणी गार असतानाच टाका आणि मग गॅस लावा. मी दुसरी पद्धत वापरते, हिवाळ्यात खिडकी बंद असताना वाफेत उभं राहून कालवत बसायला नको वाटतं. पाकीट पूर्ण कोरड्या हाताने आणि शेगडीपासून लांब उघडा.

७. आणि एलएमई टाकताना काय सांभाळायचं?

गॅस बंद करायचा. एवढं एक कराच. एलएमई वर्टपेक्षा जड, ते सरळ तळाला जाऊन बसतं, आणि खाली आच चालू असेल तर तळाशी करपतं, आणि तो करपट वास कुठल्याच हॉप्सने (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) झाकला जात नाही. कॉइलच्या इलेक्ट्रिक शेगडीवर तर कॉइल बंद केल्यावरसुद्धा तापलेली राहते, तिथे पातेलं उचलून बाजूला घ्या. मग बारीक धार, दुसऱ्या हाताने तळ खरवडत ढवळणं, आणि तळाला चमचा गुळगुळीत फिरायला लागला की परत गॅस.

जानेवारीत माझा डबा गॅरेजमध्ये राहिला होता, उपडा धरला तर एक इंचसुद्धा हलेना. डबा बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्याच्या बादलीत उभा केला की मधासारखी धार लागते. शेवटी डब्यात पातेल्यातलंच थोडं गरम पाणी घालून विसळून घ्या, तळाशी आणि कडेला बरंच राहिलेलं असतं.

८. एलएमईत २० टक्के पाणी आहे म्हणता, मग बदलताना पातेल्यातलं पाणी कमीजास्त करायचं का?

वेगळं मोजू नका. एक्स्ट्रॅक्ट विरघळल्यावर आणि उकळून झाल्यावर शेवटी फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) जेवढा बॅच हवा त्या खुणेपर्यंत पाणी घातलं की ते आपोआप जुळतं. गणित शेवटच्या व्हॉल्यूमवर चालतं. फक्त पातेलं काठोकाठ भरत असाल तर लक्षात ठेवा की एक किलो एक्स्ट्रॅक्ट टाकलं की पातळी साधारण ६०० ते ७०० मिली वर चढते, आणि पहिल्या उकळीला फेस येऊन उतू जायचं ते वेगळंच.

९. रेसिपीच्या फोटोत बिअर सोनेरी आहे, माझी तांबूस झाली. एलएमई वापरलं म्हणून का?

बऱ्याचदा हो, पण सिरप आहे म्हणून नाही, जुनं आहे म्हणून. एलएमईमध्ये साखर आणि प्रोटीन पाण्यात एकत्र बसलेले असतात, त्यांच्यात मेलार्ड रिअॅक्शन हळूहळू चालूच राहते, पाव भाजताना त्याला जो रंग येतो तीच ही रिअॅक्शन, इथे ती डब्यात महिनोन्‌महिने चालते. जेवढं ऊबदार जागी ठेवाल तेवढी जोरात. डीएमईमध्ये पाणीच नसल्यामुळे हे फार कमी होतं.

मला स्वतःला हे पटवून घ्यायला एक पूर्ण बॅच घालवावा लागला. एका दुकानातून पिंपातलं सुटं एलएमई घेतलं होतं, लाइट म्हणून, पिंप कधी उघडलं ते मी विचारलं नाही. बिअर पितळेच्या रंगाऐवजी चहाच्या रंगाची झाली आणि मागे जिभेवर एक शिळी, जळक्या साखरेसारखी चव राहायची. इथले लोक याला एक्स्ट्रॅक्ट ट्वँग म्हणतात आणि एक्स्ट्रॅक्टच्या बिअरला ती असतेच असं समजून चालतात. असं अजिबात नाही. ताज्या एक्स्ट्रॅक्टची बिअर स्वच्छ लागते. म्हणून कुणी मला विचारलं की पावडर चांगली की सिरप, तर मी आधी तारीख विचारते. ताजं एलएमई असेल तर खुशाल घ्या, तारीख नीट दिसत नसेल तर डीएमई घ्या.

रंग फिका ठेवायचा दुसरा उपाय म्हणजे सगळं एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीला उकळायचं नाही. अर्धं सुरुवातीला टाका, उरलेलं शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत. हे डीएमईला पण लागू. हॉप्सवर त्याचा परिणाम होतो, तो प्रश्न १३ मध्ये.

१०. उघडलेलं किती दिवस टिकतं?

डीएमई हवाबंद डब्यात, कोरड्या जागी, कित्येक महिने. एकदा ओलावा लागला की विटेसारखी होते, पण तशी घट्ट झालेली पावडर वास ठीक असेल तर फोडून वापरता येते. उघडलेलं एलएमई फ्रीजमध्ये, झाकण लावून, आणि काही आठवड्यांत संपवा. वर बुरशीचा पांढरा-हिरवा ठिपका दिसला तर सगळंच टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका.

११. अंबर किंवा डार्क एक्स्ट्रॅक्ट मिळालं नाही, लाइट घेऊन चालेल का? आणि गव्हाचं?

वजनाचं गणित तेच (प्रश्न २ आणि ३), पण चवीचं नाही. अंबर आणि डार्क एक्स्ट्रॅक्टमध्ये रंग येतो तो कॅरॅमल, म्युनिक किंवा भाजलेल्या माल्टमुळे, आणि कुठल्या कंपनीने काय किती घातलंय ते प्रत्येकाचं वेगळं. म्हणून मी उलट सांगेन, नेहमी लाइटच घ्या आणि रंग-चव स्वतः धान्य भिजवून आणा. ५ गॅलनला अर्धा ते एक पाउंड क्रिस्टल (म्हणजे कॅरॅमल) माल्ट, जाडसर भरडलेलं, जाळीच्या पिशवीत बांधून ६५ ते ७० सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवलं की अंबरसारखं होतं. डार्कसाठी त्यात थोडं चॉकलेट माल्ट (चॉकलेट नव्हे, गडद भाजलेलं माल्ट). लाइटचं डार्क करता येतं, डार्कचं लाइट करता येत नाही.

गव्हाचं एक्स्ट्रॅक्ट शंभर टक्के गव्हाचं क्वचितच असतं, गहू आणि बार्ली मिसळलेलं असतं, त्यात गहू बहुधा अर्ध्यापेक्षा जास्त. गव्हाच्या एलएमईच्या जागी गव्हाचंच डीएमई घ्या. साधं लाइट टाकून हेफेवाइझन (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) कराल तर यीस्ट केळं-लवंगेचा वास देईल, पण तो फेस आणि ते भरलेपण येणार नाही.

१२. ऑल-ग्रेन (एक्स्ट्रॅक्ट न वापरता सगळी धान्यापासून) रेसिपी आहे, ती एक्स्ट्रॅक्टवर कशी आणू?

बेस माल्टचं (मुख्य, फिक्या माल्टचं) वजन गुणिले ०.७५ केलं की एलएमई, गुणिले ०.६ केलं की डीएमई. १० पाउंड पेल माल्ट असेल तर साडेसात पाउंड एलएमई किंवा ६ पाउंड डीएमई. यात धान्यातून साधारण ७५ टक्के साखर निघते असं धरलंय, रेसिपीवाल्याची एफिशियन्सी वेगळी असेल तर आकडा हलेल, म्हणून शेवटी रेसिपीतली ओजी गाठायची. ती आकड्यापेक्षा महत्त्वाची.

क्रिस्टल आणि भाजलेली धान्यं तशीच ठेवा, भिजवून घ्या. ओट्स, फ्लेक्ड बार्ली, म्युनिक हे नुसतं भिजवून भागत नाही, त्यातला स्टार्च तसाच उतरून बिअर ढगाळ होते. त्यांच्याबरोबर तेवढंच बेस माल्ट घालून ६६-६७ सेल्सिअसला तासभर ठेवावं लागतं, म्हणजे छोटं मॅशच झालं. तेवढी तयारी नसेल तर ओटमील स्टाउट एक्स्ट्रॅक्टवर करायला जाऊ नका, साधं स्टाउट करा, ते छान होतं.

१३. एलएमईच्या जागी डीएमई टाकलं तर हॉप्स बदलायचे का? कडूपणा बदलेल का?

ग्रॅव्हिटी जुळवून बदललं आणि त्याच वेळी टाकलं तर काहीच बदलू नका. बदल होतो तो एक्स्ट्रॅक्ट उशिरा टाकल्यावर. वर्ट पातळ असताना हॉप्समधला कडूपणा जास्त उतरतो असं नेहमीची गणितं धरतात, म्हणून अर्धं एक्स्ट्रॅक्ट शेवटी टाकणार असाल तर सॉफ्टवेअरमध्ये तसं भरा, ते कडूपणाच्या हॉप्सचं प्रमाण थोडं कमी करून देईल. हातानेच करत असाल तर पहिल्या वेळेला हॉप्स तसेच ठेवा, चव घ्या, पुढच्या वेळी ठरवा.

१४. दुकानात हॉप्ड एक्स्ट्रॅक्टचा डबा मिळाला. ते साध्या एलएमईच्या जागी चालेल?

नाही. त्यात कडूपणा आधीच घातलेला असतो, वर रेसिपीतले हॉप्स घातलेत तर प्यायला नको होईल. कूपर्स कंपनीचा १.७ किलोचा डबा या प्रकारचा, तो २३ लिटरच्या एका ठराविक बिअरसाठी बनवलेला असतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा बिअर कंपन्याच माल्ट सिरपचे डबे विकायच्या, बेकिंगसाठी म्हणून, आणि त्यात हॉप्स घातलेले डबेही मिळायचे, हे वाचलं की या डब्याचं घराणं किती जुनं आहे ते कळतं.

अशा डब्याबरोबर एक किलो साखर घालायला सांगतात, तिच्या जागी एक किलो लाइट डीएमई घातलं तर चालतं का, हेही विचारतात. चालतं, आणि मी तेच करायला सांगते. ओजी जवळपास तेवढीच राहते, पण साखर पूर्ण आंबते आणि माल्ट साधारण तीन चतुर्थांशच, त्यामुळे अल्कोहोल थोडं उतरतं आणि बिअर पाणचट न लागता भरलेली लागते. इथे ०.८२ वगैरे काही लावू नका, किलोला किलो.

१५. सगळं बरोबर मोजलं तरी ओजी १.०३८ दाखवतोय, यायला हवी होती १.०४८.

एक्स्ट्रॅक्टमध्ये साखर कारखान्यातच मोजलेली असते, त्यामुळे वजन आणि व्हॉल्यूम बरोबर असतील तर ओजी चुकायला जागाच नाही. बहुतेक वेळा दाट वर्ट खाली आणि वरून घातलेलं पाणी वर अशी दोन थरांची बिअर झालेली असते आणि तुम्ही वरचं पाणी मोजलेलं असतं. खालच्या नळातून नमुना घेणाऱ्यांना उलटं, भलतीच जास्त ओजी दिसते. झाकण लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा किंवा ढवळा, ते मिसळायला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. नमुना गार करून मोजा, गरम वर्टमध्ये आकडा कमी दिसतो.

हे करूनही कमीच आली तर प्रश्न १६ वाचा.

१६. गडबडीत पाउंडाला पाउंडच टाकलं, आता?

६ पाउंड डीएमईच्या जागी ६ पाउंड एलएमई गेलं असेल तर ५ गॅलनला ५३ ऐवजी ४३ पॉइंट मिळाले. दहा पॉइंट गुणिले ५ गॅलन म्हणजे ५०, भागिले ४४, म्हणजे १.१ पाउंड डीएमई थोड्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, गार करून फर्मेंटरमध्ये घाला. यीस्ट टाकून एक दिवस झाला असला तरी चालतं. किंवा काही करू नका, हलकी बिअर होईल, उन्हाळ्यात बरी लागते.

उलटं झालं, म्हणजे ६.६ पाउंड एलएमईच्या जागी ६.६ पाउंड डीएमई, तर १.०५८ येईल. फर्मेंटरमध्ये जागा असेल तर उकळून गार केलेलं एक गॅलन पाणी घातलं की १.०४८ वर येतं, फक्त कडूपणाही त्याच प्रमाणात पातळ होतो.

१७. स्टार्टर आणि प्रायमिंगला कुठलं वापरायचं?

स्टार्टरला (यीस्ट आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून घेतात ते) डीएमई, एक लिटरला १०० ग्रॅम, ग्रॅव्हिटी १.०३७ च्या आसपास येते आणि यीस्टला तीच आवडते. एवढ्याशा कामासाठी एलएमईचा डबा उघडू नका.

बाटल्या भरताना गॅस व्हावा म्हणून थोडी साखर घालतात, ते प्रायमिंग; त्यासाठीची कॉर्न शुगर संपली म्हणून डीएमई घालायचं असेल तर साधारण दीडपट लागतं, १२० ग्रॅम कॉर्न शुगरच्या जागी १७०-१८० ग्रॅम. गॅस व्हायला वेळही जास्त लागतो. एलएमई प्रायमिंगला वापरू नका, अंदाज चुकला तर बाटल्या फुटतात आणि काचेशी खेळ नको.

१८. हॉर्लिक्स पण माल्टचंच असतं ना? आणि आपलं नाचणी सत्त्व?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि विचारण्यासारखाच आहे. हॉर्लिक्समध्ये माल्टेड बार्लीबरोबर गव्हाचं पीठ आणि दुधाची पावडर असते, ती बिअरमध्ये नको. नाचणी सत्त्वात नाचणीला मोड आणलेले असतात म्हणजे माल्टिंग झालेलं असतं, पण ते पुढे मॅश झालेलं नसतं. सत्त्व म्हणजे पीठ, त्यातला स्टार्च तसाच आहे, म्हणून तर ते शिजवलं की घट्ट होतं. डीएमई पाण्यात शिजवून घट्ट होत नाही, विरघळते. हीच परीक्षा. बेकरीचं डायस्टॅटिक माल्ट पावडर नावाचं जे मिळतं तेही माल्टचं पीठच बऱ्याचदा, एन्झाइम जिवंत असलेलं, ते डीएमई नाही.

१९. मी पुण्यात आहे, माल्ट एक्स्ट्रॅक्ट ऑनलाइन मिळतंय, घरी करून बघू?

बिअर करू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. अमेरिकेत केंद्राने १९७८ मध्ये कायदा करून स्वतःपुरती बिअर करायला परवानगी दिली, एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २००, विकायची मात्र नाही. तिथले नियम इथले समजू नका आणि इथले तिथले.

एक्स्ट्रॅक्ट आणलंच असेल तर ते खाण्याचीच वस्तू आहे. ब्रेडच्या पिठात आणि बेगल उकळायच्या पाण्यात घालतात, कवचाला रंग आणि चमक येते. तिथेही बदलायचं गणित हेच, १०० ग्रॅम सिरपच्या जागी ८२ ग्रॅम पावडर, आणि पिठात घालत असाल तर वर चमच्याच्या अंदाजाने नव्हे, नीट मोजून १८ ग्रॅम पाणी, कारण कणकेला तेवढा फरक हाताला कळतो.